कमरेइतका, पण कोणाच्या?

काबाई हे नाव तिला पाणीखात्यातल्या इंजिनियरांनी ठेवलं आणि ते असं चिकटलं की घरी नवराही तिला तशीच हाक मारू लागला. त्याआधी तिला सिस्टर म्हणणारे होते, वहिनी म्हणणारे होते, मॅडम म्हणणारे तर पैशाला पासरी होते. पण जिच्या तोंडातून दर दुसऱ्या वाक्याला ‘का?’ निघतं तिला दुसरं काय म्हणणार?

“लहान मुलांना यातलं काय कळतंय?” असं कुणी म्हटलं की ती चष्म्यावरून त्याच्याकडे बघायची.

“का? का नाही कळणार?”

“वय लहान असतं हो.”

“वय लहान असलं की तहान लहान लागते का?”

समोरचा हसून विषय बदलायला बघायचा. ती बदलू द्यायची नाही.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. जे लोक रस्ते आखतात, दवाखाने चालवतात, नळ बसवतात, वस्त्या हलवतात, त्यांना ती शिकवायची की मुलांनाही हक्क असतात. त्यांच्या जगण्याबद्दल काही ठरत असेल तर त्यांना विचारायला हवं, आणि त्यांनी सांगितलेलं मनावर घ्यायला हवं, हा त्यातलाच एक हक्क. प्रशिक्षणाला येणाऱ्यांना आधी वाटायचं, बाई फुगे आणि रंगीत खडू घेऊन आली असेल. दोन-चार दिवस खुर्चीत बसायचं, चहा-बिस्किटं खायची, शेवटी प्रमाणपत्र घेऊन घरी जायचं.

पहिल्या सकाळीच त्यांचा भ्रमाचा भोपळा फुटायचा. ती सगळ्यांना त्यांच्याच कचेरीत गुडघ्यांवर चालायला लावायची. बिलाच्या खिडकीपाशी जा, पिण्याच्या पाण्याच्या नळापाशी जा, संडासाची कडी लावून दाखवा. पाणीखात्यातले सव्वीस इंजिनियर असे रांगत निघाले तेव्हा शिपायांनी कामं टाकून भिंतीला पाठ लावली आणि पोट धरून हसले. एक वयस्क उपअभियंता मात्र हात जोडून म्हणाले, “बाई, मला सूट द्या. माझे दोन्ही गुडघे कामातून गेलेत.”

“मग चाकाच्या खुर्चीत बसा आणि सरकत जा. चाकाच्या खुर्चीतलीही मुलं असतात.”

ते सरकत संडासापर्यंत गेले, पण दाराच्या पायरीवर खुर्ची अडली. ही इमारत बांधली तेव्हा देखरेख त्यांचीच होती. त्या दिवसापासून त्यांना सगळे गुडघेसाहेब म्हणायला लागले, आणि काबाईला काबाई.

ती आधी नर्स होती. सत्ताविसाव्या वर्षी एका मोठ्या दवाखान्याच्या हाडांच्या वॉर्डात तिची ड्युटी होती. सात वर्षांचा एक मुलगा भिंतीवरून पडून पाय मोडून आला. पायाला प्लास्टर चढलं. दुपारपासून तो एकच घोकत होता, “आत जळतंय. सिस्टर, आत जळतंय.” तिनं त्याचे गाल पुसले आणि म्हणाली, “शहाणा ना तू? शहाणी मुलं अशी रडत नाहीत.” आई काळजीनं विचारायला आली तर तिलाच ऐकवलं, “लाडावून ठेवलाय तुम्ही.” आणि नोंदवहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: रुग्ण चिडचिडा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी बोटं बघितली आणि धावतपळत प्लास्टर कापायला लावलं. ते जास्त घट्ट बसलं होतं. पाय राहिला, पण दोन बोटं गेली आणि पोटरी वाळली. तो जन्माचा लंगडा झाला. चौकशी झाली. सगळे कागद नीट भरलेले होते, सगळ्यांच्या सह्या जागच्या जागी होत्या, तेव्हा कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. तिच्याही नाही. तेच तिला गिळता आलं नाही. त्या वॉर्डात खरं काय चाललंय हे एकाच माणसाला ठाऊक होतं, तो ते घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होता, आणि शिकलेल्यासवरलेल्या सात-आठ माणसांनी त्याला गप्प बसवलं होतं, कारण तो सात वर्षांचा होता.

पुढे काही वर्षांनी तिनं दवाखाना सोडला आणि प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेत गेली. पहिल्या दिवसाच्या शेवटी ती ही हकिगत सांगायची, स्वतःला जराही पाठीशी न घालता.

पाणीखात्याच्या योजनेत शहराच्या कडेला उतारावर वसवलेल्या नव्या वस्तीत एकतीस नळकोंडाळी बांधायची होती. एका जागेवरून उठवून लोकांना तिथे आणून टाकलं होतं, आणि दोन वर्षं ती माणसं टाकीवाल्या गाडीच्या मागे धावत होती. योजना मंजूर करताना वरून अट आली होती की मुलांचा सहभाग घ्या. खात्यात कुणाला तो कशाशी खातात हे माहीत नव्हतं, म्हणून काबाईला बोलावलेलं.

तिसऱ्या दिवशी तिनं सव्वीसही जणांना वस्तीतल्या शाळेत नेलं. चाळीसेक मुलं होती, आठ ते चौदा वर्षांची. आदल्या आठवड्यात तिनं दोन दिवस त्यांच्यात घालवले होते, भाषणं पाठ करून घ्यायला नाही, तर नुसतं ऐकायला. मुलांनी फरशीवर खडूनं अख्खी वस्ती काढली होती आणि प्रत्येक घरापाशी पाणी कोण भरतं त्याचं चित्र. इंजिनियर वाकून बघायला लागले. दर तीन घरांपैकी दोन घरांपाशी मूलच होतं.

मुलांमध्ये एक अकरा वर्षांची मुलगी होती. अंगानं काटकुळी आणि बोलणं टोचणारं, म्हणून वर्गात तिला टाचणी म्हणत. आई-वडील नव्हते. आत्याजवळ राहायची. आत्या एका धुलाई कारखान्यात सकाळच्या पाळीला जायची, त्यामुळे शाळेआधी सहा कॅन पाणी भरणं टाचणीकडे होतं.

तरुण ओव्हरसियरनं भिंतीवर नकाशा लावला आणि समजावून सांगितलं, “इथे नळ, त्याखाली कॅन ठेवायला कट्टा. कट्टा कमरेइतका, म्हणजे वाकायला नको.”

टाचणी उठली. “कमरेइतका, पण कोणाच्या?”

सगळे हसले. ओव्हरसियरही हसला. ती हसली नाही. त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्याची कंबर तिच्या छातीला लागत होती.

“रिकामा कॅन मी वर ठेवीन,” ती म्हणाली. “पण भरलेला खाली कसा घेऊ? तो ओढला की अंगावर येणार. तुम्ही ओढून बघा ना, छातीइतक्या उंचीवरून.”

गुडघेसाहेब म्हणाले, “बघू की.” टेबलावर टेबल चढवलं, वीस लिटरचा भरलेला कॅन ठेवला आणि धट्टाकट्टा ओव्हरसियर तो खाली ओढायला गेला. कॅन कलंडला, निम्मं पाणी त्याच्या सदऱ्यावर आलं. पोरांनी टाळ्या पिटल्या.

मग एका नऊ वर्षांच्या पोरानं नमुन्याला आणलेला नळ हातात घेतला. तो दाबून धरायचा नळ होता. हात सोडला की पाणी बंद, म्हणजे वाया जात नाही. पोरगा म्हणाला, “हा मला दोन्ही हातांनी दाबायला लागतो. मग कॅन कोण धरणार?” नळ इंजिनियरांच्या हातोहात फिरला. कॅन भरायला लागेल तेवढा वेळ दाबून धरायचा, घड्याळ लावून. बरेच जण मध्येच अंगठा झटकू लागले.

मुलांनी शेवटी तीन गोष्टी मागितल्या. कट्ट्याला दोन पायऱ्या हव्यात, कॅन ठेवायला एक उंच मोठ्यांसाठी, एक बुटकी लहानांसाठी. नळ फिरवायचा हवा. आणि उताराच्या टोकाला जिथे ट्रक वळतात तिथे नळ नको. ओव्हरसियरनं सगळं वहीत उतरवलं. समारोपाला खात्याचे मोठे साहेब आले. त्यांनी टाचणीच्या डोक्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला आणि म्हणाले, “बाळांनो, तुमच्या प्रत्येक सूचनेचा गांभीर्यानं विचार होईल.”

त्या दिवशी काबाई घरी गेली ती हवेत. नवरा बस डेपोतून टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेला, बोलायला तोलूनमापून. ती दाराशीच सांगायला लागली. “अहो, इंजिनियरांनी कॅन अंगावर ओतून घेतला! त्या पोरीनं नुसता एक प्रश्न विचारला आणि अख्ख्या खात्याचं डोकं ठिकाणावर आलं.”

“खात्याचं डोकं,” तो म्हणाला, “ठिकाणावरच असतं. फक्त ते ठिकाण आपल्याला कळत नाही.”

तिला तेव्हा त्याचा राग आला होता.

सात आठवड्यांनी पाठपुराव्याचा दिवस ठरला. त्यानंतर प्रमाणपत्रं द्यायची होती. मोठ्या साहेबांची सही झालेली सव्वीस प्रमाणपत्रं तिच्या पिशवीत होती, तिच्या सहीची जागा रिकामी. ती आदल्या दिवशी कुणाला न सांगता एकटीच वस्तीत गेली.

नळकोंडाळी बांधून झाली होती. नवीकोरी, निळ्या रंगाची. कट्टा तोच, छातीला लागणारा. नळ तोच, दाबून धरायचा. उताराच्या टोकाला, ट्रक वळतात तिथेही एक दिमाखात उभं होतं. पोरांनी कट्ट्यापाशी दगड आणि फुटकी खोकी रचली होती. एक पोरगी खोक्यावर चढून नळ दाबत होती, तिची धाकटी बहीण खालून कॅनचा तळ दोन्ही हातांनी पेलत होती. टाचणी रांगेत होती. तिच्या गळ्याजवळच्या हाडावर काळानिळा डाग होता.

“हे काय गं?”

“कॅन आला अंगावर. तसं काही नाही.” मग ती जरा जवळ सरकली. “मावशी, आम्ही त्या दिवशी नीट नाही का सांगितलं?”

“म्हणजे?”

“आम्ही वर्गात बोललो. सगळे म्हणतात, आपण मध्ये टाळ्या वाजवल्या ना, म्हणून साहेबांना वाटलं आपण गंमत करतोय. का कॅन मोजून दाखवायला हवे होते? आमचं काय चुकलं ते सांगा, म्हणजे पुढच्या वेळी आम्ही...”

आयुष्यभर काबाई लोकांना शिकवत आली होती की मुलांचं ऐकलं नाही तर मुलं बोलायची थांबतात. ती आपलंच चुकलं असं धरून चालतात, हे तिच्या कोणत्याही पुस्तकात नव्हतं.

“तुमचं काही चुकलेलं नाही,” ती कशीबशी म्हणाली. “कोणाचं चुकलंय ते मी बघते.”

वस्तीच्या तोंडाशी पत्र्याच्या खोलीत कामाची कचेरी होती. ओव्हरसियर आत होता. तिला बघताच उठून उभा राहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

“नकाशा काढ,” ती म्हणाली.

त्यानं कपाटातून गुंडाळी काढून टेबलावर पसरली. कोपऱ्यात मंजुरीचा शिक्का होता. तारीख प्रशिक्षण सुरू होण्याच्या बारा दिवस आधीची.

तिनं तारखेवर बोट ठेवलं. “म्हणजे शाळेत भिंतीवर लावलास तो हाच?”

“हाच. शिक्का दुमडून लावला होता.”

“तुला माहीत होतं?”

“सगळ्यांनाच माहीत होतं, मॅडम. ठेकेदाराला काम देऊन झालं होतं. मी नंतर एक टिपण पाठवलं होतं, दोन पायऱ्यांचं. वरून शेरा आला, ‘दप्तरी दाखल’.” आणि मग, सगळंच सांगून टाकावं तसं, त्यानं खणातून एक गुळगुळीत पुस्तिका काढून तिच्यापुढे ठेवली. खात्याचा अहवाल. मुखपृष्ठावर टाचणी, डोक्यावर मोठ्या साहेबांचा हात. खाली ठळक अक्षरांत: ‘मुलांच्या मनातली, मुलांनी घडवलेली योजना’.

काबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पुस्तिका पिशवीत कोंबली आणि तडक मुख्य कचेरी गाठली.

मोठ्या साहेबांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. ती बसली नाही. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुम्ही फार मनाला लावून घेताय. मुलांना विचारायचं होतं, आपण विचारलं. त्याची नोंद आहे, फोटो आहेत.”

“विचारलं तेव्हा तुमचा नकाशा मंजूर होता.”

“ती तांत्रिक बाब झाली.”

“पाहुण्याला जेवायला बोलवायचं, आपण आधीच जेवून हात धुवायचे, आणि वर सांगायचं की आग्रह केला होता! याला तांत्रिक बाब म्हणतात?”

“पुढच्या टप्प्यात बघू ना.”

“पुढच्या टप्प्यापर्यंत ही पोरं मोठी होतील, साहेब. मग तुमचा कट्टा बरोबर त्यांच्या कमरेला लागेल.”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “तुम्हाला नक्की हवंय काय?”

“सव्वीसही जणांनी शाळेत जायचं. मुलांसमोर बसायचं. काय केलं, काय नाही केलं आणि का नाही केलं, ते सांगायचं.”

“पोरांना खुलासे द्यायचे? आम्ही?”

“मंत्र्यांना देता की.”

“मंत्री आणि पोरंसोरं एकच का?”

“नाहीत ना. मंत्री पाणी भरत नाहीत.”

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी तिच्या पिशवीकडे बोट केलं. “प्रमाणपत्रांवर सह्या झाल्या असतील तर ठेवून जा. उद्याचा कार्यक्रम छापून झालाय.”

“सह्या होणार नाहीत. प्रमाणपत्रात लिहिलंय की यांनी मुलांचं म्हणणं ऐकून घेण्याचं शिक्षण पूर्ण केलं. मी एकदा नोंदवहीत सुवाच्य अक्षरात खोटं लिहिलंय. दुसऱ्यांदा लिहिणार नाही.”

संध्याकाळ व्हायच्या आत संस्थेच्या संचालिकेचा फोन आला. ती वयानं लहान, एके काळी काबाईच्याच हाताखाली शिकलेली. “ताई, प्लीज, सही करून टाका. पुढच्या वर्षी आणखी आठ खात्यांचं काम येतंय. कितीतरी मुलांचं भलं होईल.”

“म्हणजे आठ खाती आपल्याकडून फोटो काढायला शिकणार?”

“तुम्ही नेहमी टोकाला जाता, ताई.”

“अगं, मी टोकाला गेले नाही. टोकाला त्यांनी नळ बसवलाय, ट्रकसमोर.”

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटत बसली. नवरा दारात उभा राहिला. तिला वाटलं, आता म्हणणार, मी सांगितलं नव्हतं?

तो म्हणाला, “डेपोत एक साहेब उशिरा सुटलेल्या गाड्या वेळेवर लिहायला सांगायचा. मी सतरा वर्षं लिहिल्या.” त्यानं तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. “तू लिहू नकोस.”

दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम झाला. ती गेली नाही. संचालिकेनं नवी प्रमाणपत्रं छापून घेतली, स्वतः सही केली, सगळ्यांना मिळाली. महिनाअखेर संस्थेच्या प्रशिक्षकांच्या यादीतून काबाईचं नाव गेलं. तिला कळवायचीही तसदी कुणी घेतली नाही. नव्या यादीची प्रत एका जुन्या सहकाऱ्यानं दाखवली तेव्हा समजलं.

पण त्याच सुमारास ओव्हरसियरचा फोन आला. “मॅडम, शनिवारी सुट्टी आहे. आम्ही शाळेत यायचं म्हणतोय. खात्यातर्फे नाही, असंच.”

“आम्ही म्हणजे किती?”

“सहा.”

“सव्वीसातले सहा.”

“सहाच, मॅडम.” त्याचा आवाज बारीक झाला. “या म्हणाल तर येतो.”

ते आले. गुडघेसाहेब काठी टेकत, बाकीचे त्यांच्या मागे. वर्गातल्या बुटक्या बाकांवर अंग चोरून बसले. मुलांमध्ये नेहमीचा गलका नव्हता. काबाई मागे भिंतीशी उभी राहिली आणि ठरवल्याप्रमाणे एक अक्षर बोलली नाही.

ओव्हरसियर उठला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. “तुम्ही बरोबर सांगितलं होतं,” तो म्हणाला. “तिन्ही गोष्टी बरोबर होत्या. पण आम्ही तुम्हाला विचारलं तेव्हा सगळं आधीच ठरलं होतं. आम्हाला ते माहीत होतं. तुम्हाला आम्ही सांगितलं नाही.”

टाचणी म्हणाली, “मग विचारलंत कशाला?”

त्यानं गुडघेसाहेबांकडे बघितलं. ते बाकावरून उठायला गेले, उठता येईना, तेव्हा बसूनच बोलले. “कागदावर लिहायला. तुम्हाला विचारलं असं लिहायचं होतं.”

“म्हणजे तुम्ही खोटं बोललात.”

“हो.”

नऊ वर्षांचा तो नळवाला पोरगा आश्चर्यानं शेजारच्याला म्हणाला, “हो म्हणाले!” मोठ्या माणसाच्या तोंडून असला ‘हो’ त्यानं कधी ऐकला नसावा.

त्यानंतर मुलांनी त्यांना चांगलं तासभर धारेवर धरलं. तुमच्या साहेबांना कोण विचारतं? शिक्का कोण मारतो? आता काय काय बदलता येतं? शेवटच्या प्रश्नावर गुडघेसाहेबांनी खिशातून कागद काढला. कट्टे पाडणं त्यांच्या हातात नव्हतं. उताराच्या टोकाचा नळ हलवणंही नव्हतं. पण नादुरुस्त झालेला नळ बदलायचा अधिकार त्यांचा होता, आणि बदलताना कोणता बसवायचा हेही तेच ठरवू शकत होते. कट्ट्याशेजारी विटांची बुटकी पायरी बांधणं डागडुजीत बसत होतं. “निवृत्तीला माझे सात महिने उरलेत,” ते म्हणाले. “तेवढ्यात होईल तेवढं करतो. सगळं होणार नाही, हे आताच सांगून ठेवतो.”

“पहिलं कुठलं करायचं ते आम्ही सांगणार,” टाचणी म्हणाली.

सात महिन्यांत एकतीसपैकी नऊ नळकोंडाळ्यांना पायऱ्या झाल्या आणि चौदा ठिकाणी फिरवायचे नळ बसले. उताराच्या टोकाचा नळ आहे तिथेच आहे. वस्तीतल्या बायका आता तिथे पोरांना पाठवत नाहीत, लांबच्या नळावर जातात. मोठ्या साहेबांना बढती मिळाली. मुलांना सहभागी करून घेतल्याबद्दल खात्याला एक मानचिन्हही मिळालं, आणि ते आता बिलाच्या खिडकीच्या वर लावलेलं आहे. काबाईचा संताप ते आठवलं की आजही तसाच उसळतो. “निदान ते तरी मुलांना दिसेल अशा उंचीवर लावायचं होतं मेल्यांनी,” ती म्हणते.

संस्था गेली तरी काम सुटलं नाही. नर्सिंगच्या शाळेनं तिला आठवड्यातून दोन तास दिले. महिन्यातून एका शनिवारी वस्तीतल्या शाळेत ती कुणालाही शिकवते: इंजिनियर, शिक्षक, एकदा दोन पोलीस आले होते. पहिलीच गोष्ट सांगते, “प्रमाणपत्र मिळणार नाही.” निम्मे पुढच्या वेळी येत नाहीत. उरतात त्यांना शिकवायला मुलं बसलेली असतात.

मध्ये एकदा काबाईच्या पिशवीतली ती पुस्तिका टाचणीच्या हाती लागली. तिनं आपला फोटो बघितला, खालची ओळ दोनदा वाचली. काबाई तिला हे कसं सांगावं या विचारात इतके महिने होती, आणि सांगितलं नाही म्हणून आता मान वर करवेना.

“हा मला न विचारता छापला,” टाचणी म्हणाली. “आत्यालाही नाही विचारलं. आणि ही योजना मी नाही घडवली. मला हा काढायला सांगायचंय.”

तिनं वहीचा कागद फाडला आणि स्वतः पत्र लिहिलं. काबाईनं शुद्धलेखनालाही हात लावला नाही, पत्ता तेवढा सांगितला. आत्यानं कामावर जाताना ते टपालात टाकलं. तीन आठवड्यांनी खात्याचं उत्तर आलं, आणि आलं काबाईच्या नावावर: ‘आपल्या मार्फत प्राप्त झालेल्या अर्जाच्या अनुषंगाने’ वगैरे. काबाईनं ते पाकीट जसंच्या तसं दुसऱ्या पाकिटात घातलं आणि परत पाठवलं. वर चिठ्ठी जोडली: ‘पत्र मी लिहिलेलं नाही. जिनं लिहिलं तिला उत्तर द्या.’

आणखी महिना गेला. मग एका दुपारी पोस्टमन वस्तीत नाव विचारत हिंडला, कारण त्या नावाचं कुणी मोठं माणूस तिथे राहत नव्हतं. टाचणीचं शाळेतलं पूर्ण नाव पाकिटावर टंकलेलं होतं, मागे खात्याचा शिक्का. तिनं दारात उभं राहून सही केली, पाकीट फोडलं आणि आत्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. छापलेल्या प्रती संपेपर्यंत मुखपृष्ठ बदलणं शक्य नाही, आपल्या भावनांचा आदर आहे, कळावे.

“प्रती किती उरल्यात ते नाही लिहिलं,” ती म्हणाली आणि वही शोधायला आत गेली.